हातातली भाजी झाडाचा कोणता भाग आहे, हे कसं ओळखायचं?

बटाटा जमिनीखाली वाढतो म्हणून मूळ. शेंगदाणाही मातीतूनच निघतो म्हणून तोही मूळ. आणि काकडी? ती भाजी! जीवशास्त्र शिकवत होते तोवर ही उत्तरं मला दर वर्षी नव्या वर्गाकडून ऐकायला मिळायची. दोष मुलांचा नाही. झाडाचं चित्र काढायचं, बाणांनी मूळ-खोड-पान-फूल-फळ दाखवायचं आणि बाजूला प्रत्येकाची दोन-दोन उदाहरणं लिहायची, हीच आपली शिकवण्याची रीत. उदाहरणं पाठ होतात. यादीबाहेरचं काही हातात दिलं की गाडी अडते.

म्हणून मी याद्या बाजूला ठेवल्या आणि मुलांच्या हातात सुरी दिली. (लहानांच्या नाही; त्यांना कापून द्यायचे.) तीच पद्धत इथे सांगते. एक धारदार सुरी, एक भिंग, टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली आणि खाण्याचा लाल किंवा निळा रंग, एवढं पुरे. आयोडीन लावलेला तुकडा मात्र खायचा नाही, सरळ टाकून द्यायचा.

कुठलीही भाजी, फळ किंवा दाणा हातात आला की आधी विचारायचं: याला डोळे आहेत का? डोळा म्हणजे पुढे फांदी किंवा कोंब होऊ शकणारी कळी. ती ठरावीक जागी, पेरावर, पानाच्या किंवा पानाच्या खुणेच्या बेचक्यात बसलेली असेल, तर हातात खोड आहे. नसेल, तर पुढचा प्रश्न: आत बी, किंवा बी धरायची जागा आहे का? असली तर फळ. दोन्ही नाही? मग पान, मूळ, फूल आणि खुद्द बी, एवढेच उरतात आणि त्यांच्यात निवड करणं बरंच सोपं असतं. जमिनीखाली की वर, गोड की तिखट, भाजीवाल्याकडे की फळवाल्याकडे, हे प्रश्न विचारायचेच नाहीत. त्यांनीच घोटाळा होतो.

बटाटा आणि रताळं शेजारी ठेवा

सुरुवात या जोडीनेच करा. बटाट्यावरचा प्रत्येक डोळा भिंगातून बघा. खोलगट जागेच्या कडेला भुवईसारखी एक रेघ दिसेल. ती रेघ म्हणजे तिथे असलेल्या इवल्याशा पानाची खूण, आणि तिच्या बेचक्यात कळ्या. आता प्रत्येक डोळ्यात एक टूथपिक खोचा आणि बटाट्याच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे ओळीने दोरा गुंडाळत न्या. दोरा गोल फिरत वर चढतो. डोळे वाटेल तसे विखुरलेले नाहीत, फांदीवर पानं जशी फिरत्या क्रमाने येतात तशीच त्यांची मांडणी आहे. एका टोकाला ते दाटीवाटीने दिसतात, तो शेंडा. दुसऱ्या टोकाला एक वाळकी खूण असते. मातीखालच्या ज्या आडव्या फांदीच्या टोकाला हा बटाटा फुगला होता ती तिथे जोडलेली होती. शेंडा आहे, पेरं आहेत, कळ्या आहेत, म्हणजे बटाटा खोड आहे. उजेडात पडला की तो हिरवा होतो, तेही खोडालाच साजेसं.

रताळ्यावर असं काही सापडत नाही. भुवया नाहीत, क्रम नाही, कुठेकुठे बारीक तंतुमुळं किंवा त्यांच्या खुणा आहेत. हे खरंखुरं मूळ, साठवण करून फुगलेलं. इथे एखादं हुशार पोर हमखास विचारतं, ‘पण बाई, रताळ्यालाही कोंब फुटतातच की!’ फुटतात. पण ते आधीपासून ठरलेल्या डोळ्यांतून नव्हे. मुळावर नव्याने कळ्या तयार होतात, आणि जास्त करून वेलाला जोडलेल्या टोकाकडे. बटाट्याचा डोळा नसलेला तुकडा लावला तर त्याला कोंब येत नाही, आणि डोळा असलेला लहानसा तुकडाही उगवतो. दोन तुकडे ओलसर मातीत लावून बघा.

मुळाची दुसरी खूण आत असते. गाजर उभं चिरा. मधला फिकट गाभा आणि बाहेरचा गडद भाग वेगळा दिसेल. गाभ्यातून पाणी वर चढतं. बाहेरच्या भागातून पानांनी तयार केलेली साखर खाली येते आणि तिथेच साठते. म्हणूनच गाजराची गोडी बाहेरच्या भागात जास्त. आता नीट बघा: गाभ्यापासून सालीपर्यंत बारीक रेघा आडव्या गेलेल्या दिसतात. ती उपमुळं. मुळाची फांदी अशी आतून, गाभ्याच्या कडेपासून निघते आणि सगळा मांसल भाग भेदून बाहेर येते. खोडाची फांदी वरच्या वर, पृष्ठभागाजवळच्या कळीतून फुटते. डोळ्यांबद्दल शंका असली की मी हाच पुरावा शोधते.

गाजराच्या डोक्यावरची चकती, जिथून पानं निघतात, ती मात्र खोड. तेवढा भाग कापून बशीत थोड्या पाण्यात ठेवला तर पानं फुटतात. ‘गाजर पुन्हा उगवा’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. फुटतो तो पाला, खालचं गाजर परत येत नाही.

गाजर, मुळा, बीट ही झाडं एवढं साठवतात कशासाठी? आपल्यासाठी नाही, फुलण्यासाठी. गाजर दोन वर्षांचं झाड. पहिल्या हंगामात पानं कमावतात आणि मूळ साठवतं, दुसऱ्या हंगामात त्या साठ्यावर फुलांचा दांडा उभा राहतो. म्हणून दांडा धरलेला मुळा घेऊ नये. साठा वर गेलेला असतो आणि खाली दोरे उरतात. बीट आडवं कापलं तर एकात एक वर्तुळं दिसतात, कारण जाडी वाढवणारा थर तिथे एक नसून एकामागून एक असे अनेक तयार होतात. बीट आणि सलगम यांचा वरचा गुळगुळीत भाग खरं तर मूळ आणि खोड यांच्यामधला, अंकुराच्या दांड्यापासून फुगलेला असतो. शिस्तीच्या भोक्त्यांना हे आवडत नाही, पण झाडाने आपल्या परीक्षेसाठी कप्पे पाडलेले नाहीत.

आलं आणि हळद हातात घ्या. आडव्या कड्या दिसतील. त्या पेरांच्या, वाळलेल्या पातळ पानांच्या खुणा. टोकाला कळी. दोन्ही खोडंच, आडवी वाढणारी. सुरण आणि अळकुड्या ही उभी, आखूड, फुगलेली खोडं. कमळकाकडीही खोडच, आणि तिच्यातली भोकं चिखलात बुडालेल्या भागांना हवा पोचवण्यासाठी. नवलकोल तर जमिनीच्या वर असतो, तरी लोक त्याला मुळांमध्ये टाकतात. त्याच्या अंगावर पानांचे देठ निघालेल्या जागा उघड दिसतात. त्याचं बूड आधी निबर होतं, म्हणून साल बुडाकडून जाड काढावी.

कांद्याचं खोड कुठे गेलं?

कांदा उभा, मुळांपासून शेंड्यापर्यंत चिरा. खाली मिशांसारखी मुळं, त्यांच्यावर एक चपटी कडक चकती आणि चकतीवर एकात एक बसलेले जाड थर. ती चकती म्हणजेच अख्खं खोड! थर म्हणजे पानांचे फुगलेले बुंधे. बाहेरची कागदासारखी सालंही पानंच, आतल्याला सुकण्यापासून जपणारी. मध्यभागी हिरवट शेंडा दिसतो, कधी दोन-तीनही. ती चकतीवरची कळी, पुढचा कोंब. म्हणजे कांदा खाताना आपण पान खातो. लसणीची प्रत्येक पाकळी मात्र एक-एक कळी आहे. ती उभी चिरलीत तर एकच जाड साठवणीचं पान आणि त्याच्या पोटात फिकट हिरवा कोंब सापडेल.

कोबी अर्धा कापला की हेच मोठ्या आकारात दिसतं. मधला जाड दांडा खोड, त्याला चिकटलेली पानं आणि पानांच्या बेचक्यांत बारीक कळ्या. सबंध गड्डा म्हणजे न उलगडलेली एक प्रचंड कळी.

बाकी पालेभाज्यांत ओळखायला अवघड असं काही नाही. फक्त देठ आणि खोड यांत गफलत होते. सेलेरी किंवा ऱ्हुबार्बचे रसरशीत दांडे खोडासारखे दिसतात, पण त्यांच्यावर डोळे नसतात, वर पानाचं पातं असतं आणि आडवा छेद बहुधा एका बाजूने खोबणीचा असतो. ते देठ. सेलेरीचा दांडा रंगीत पाण्यात काही तास उभा ठेवा आणि मग आडवा कापा. रंगाचे ठिपके ओळीत दिसतील, त्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. पाणी वर ओढलं जातं ते पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन जात असल्यामुळे. खुडलेली जुडी दुपारपर्यंत माना टाकते, तीही याच छिद्रांमुळे: जाणं चालू आणि येणं बंद.

फुलं कमी, पण मजेदार

फ्लॉवरचा पांढरा गड्डा म्हणजे फुलांचा गुच्छ व्हायला निघालेलं आणि वाटेतच अडकलेलं खोड. शेंडे पुन्हा पुन्हा फाटे फोडतात, पण कळ्या धरत नाहीत. ब्रोकोलीत कळ्या खऱ्या असतात. ती विसरलात तर पिवळी फुलं उमलतात.

माझा लाडका नमुना म्हणजे लवंग. एक लवंग कोमट पाण्यात भिजवून मऊ करा आणि उभी चिरा. वरची चार टोकं ही निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी पानं, मधली गोळी न उमललेल्या पाकळ्यांची आणि तिच्या आत पुंकेसरांची गर्दी. खालच्या ‘खिळ्यात’ वरच्या बाजूला अंडाशय, ज्याचं पुढे फळ होतं तो भाग. केशर तर फुलाचाही एक अंश आहे: परागकण झेलणाऱ्या कुक्षीच्या तीन लाल शाखा, एका फुलाला तीनच.

फळ: दोन खुणांचा नियम

परागण आणि फलन झालं की अंडाशयाचं फळ होतं आणि त्यातल्या बीजांडांच्या बिया. यातून ओळखीचा एक पक्का नियम हाती येतो. फळाला दोन खुणा असतात: एक देठाची आणि दुसरी, बहुतेकदा समोरच्या टोकाला, जिथे फुलाची कुक्षी उभी होती तिची. बीला एकच खूण, जिथे ती नाळेने फळाला जोडलेली होती.

मटारची शेंग घ्या. एका टोकाला देठ आणि निदलं, दुसऱ्या टोकाला छोटी चोच. दोन खुणा, म्हणजे फळ. आतला दाणा काढा. त्याला एकच खूण, म्हणजे बी. टोमॅटो, वांगं, भेंडी, मिरची, भोपळा, काकडी, दोडका, गवार ही सगळी याच नियमाने फळं. केळंही फळच. लागवडीच्या केळ्यात बिया धरत नाहीत, पण मधले काळे ठिपके ही न वाढलेल्या बीजांडांची निशाणी.

आता हाच नियम मसाल्यांना लावा, कारण तिथे खरी गंमत आहे. धण्याच्या एका टोकाला देठाची जागा, दुसऱ्या टोकाला बारीक टोक. जिरं, बडीशेप तशीच. आपण त्यांना बिया म्हणतो, पण ती सुकी फळं आहेत. सूर्यफुलाची ‘बी’ टरफलासकट फळ, सोलल्यावर उरते ती बी. काळी मिरी अख्खं फळ; पांढरी मिरी म्हणजे वरचा गर काढलेली तीच. गहू, तांदूळ, मका यांचा प्रत्येक दाणा एक फळ आहे, फक्त फळाची भिंत आणि बीचं आवरण एकमेकांना इतकं चिकटलेलं की सोडवता येत नाही.

शेंगदाण्याची शेंगही फळच. पिवळं फूल जमिनीच्या वर येतं. फलन झालं की अंडाशयाखालचा भाग लांब होत खाली वळतो, मातीत शिरतो आणि तिथे शेंग भरते. रोप उपटलंत तर शेंगा मुळांना लागलेल्या नाहीत, वरून आलेल्या दांड्यांच्या टोकाला आहेत, हे बघून खात्री करून घ्या.

यापुढे मात्र प्रश्न थोडा बदलावा लागतो: फळ तर आहे, पण आपण त्याचा कुठला भाग खातो? आंब्यात भिंतीचा मधला थर. संत्र्यात आतल्या थरावरचे रसाने फुगलेले केस; फोड सोलून ते सुटे करून बघा. डाळिंबात बीचं रसाळ आवरण. लिचीत बीभोवतीचं जास्तीचं मांसल वेष्टण, आणि जायपत्रीही जायफळाच्या बीवरचं असंच वेष्टण. सफरचंदात खरं फळ म्हणजे आपण टाकून देतो तो बियांचा कडक गाभा. भोवतीचा गर फुलाच्या बुंध्याच्या भागातून आलेला. स्ट्रॉबेरीवरचे दाणे प्रत्येकी एक फळ, आणि लाल भाग फुलाची बैठक. काजूचं बोंड हा फुगलेला देठ, खरं फळ खाली लटकतं. अंजीर फोडलं की आत असंख्य बारीक फुलं दिसतात, आत वळलेला अख्खा फुलोराच तो. फणस हाही एका फुलोऱ्याचा गठ्ठा: एक गरा म्हणजे एका फुलाचं मांसल आवरण, आठळी त्याची बी, आणि गऱ्यांमधले चिवट पट्टे म्हणजे फळ न धरलेली फुलं. सीताफळ फणसासारखं दिसलं तरी ते एकाच फुलातून आलेलं.

नारळावर स्वतंत्र तास घ्यावा लागतो. काथ्या हा फळाच्या भिंतीचा मधला थर, करवंटी आतला. आतलं पाणी आणि खोबरं दोन्ही गर्भाचा अन्नसाठा, एक द्रवरूप, एक घट्ट. करवंटीच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो. त्याच्याखाली खोबऱ्यात रुतलेला पांढरा, छोटा गर्भ सुरीच्या टोकाने काढता येतो.

बी उघडा

हरभरा रात्रभर भिजवा, साल काढा, दोन डाळिंब्या हळूच वेगळ्या करा. एका डाळिंबीला चिकटून इवलासा गर्भ दिसेल: एका टोकाला मुळाची सुरुवात, दुसऱ्याला शेंड्याची. डाळिंब्या म्हणजे बीजपत्रं, रोपाचा पहिला शिधा. मक्याचा दाणा भिजवून उभा कापा आणि आयोडीनचा थेंब टाका. मोठा भाग निळा-काळा होईल, तो पिष्टाचा (स्टार्चचा) साठा. गर्भ फारसा रंगणार नाही. हाच थेंब कच्च्या आणि पिकलेल्या केळ्यावर टाकून बघा. पिकलेल्यात पिष्टाची साखर झालेली असते, रंग फिका पडतो.

ओळखलं, आता ठेवायचं कसं?

ओळखीचा रोजचा उपयोग इथे होतो. पानं पाणी गमावतात, म्हणून ती ओलसर कापडात, गारव्याला. कांदा-लसूण झोपी गेलेल्या कळ्या आहेत. त्यांना कोरडी, वाहती हवा हवी, ओलावा मिळाला की त्या जाग्या होतात. बटाटा अंधारात. गाजर-मुळ्याचा पाला आणल्याबरोबर कापून वेगळा करा, नाहीतर पानं मुळातलं पाणी ओढत राहतात. ब्रोकोलीसारख्या कळ्या तोडल्यावरही जोरात श्वसन करतात, त्या आधी संपवाव्यात. कोवळा मटार आणि मधुमका दोन्ही भरण्याच्या अवस्थेतले. तोडल्यानंतर त्यांची साखर कमी होत जाते, म्हणून त्याच दिवशी खावेत. टोमॅटो आणि केळी तोडल्यावरही पिकतात आणि पिकताना इथिलीन वायू सोडतात. पालेभाजी त्यांच्या शेजारी ठेवली तर लवकर पिवळी पडते.

चाखण्याआधी थांबा

मुलांना घेऊन हे करणार असाल तर सुरी हातात देण्याआधी एक गोष्ट बजावून सांगा: झाडाचा एक भाग खातात म्हणून दुसरा खाता येतो असं नाही. बटाट्याच्या झाडाला टोमॅटोसारखी छोटी हिरवी फळं येतात, ती विषारी. हिरवा पडलेला बटाटाही नको. त्यातलं सोलॅनिन नेहमीच्या शिजवण्याने जात नाही. ऱ्हुबार्बचा देठ खातात, पातं नाही, कारण त्यात ऑक्झॅलिक आम्लाचं प्रमाण घातक असतं. अळूच्या पानात आणि कंदात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घसा खवखवतो तो त्यांनी, त्यामुळे कच्चं चाखायचं नाही. कसाव्याच्या (ज्यापासून साबुदाणा करतात त्या झाडाच्या) मुळातून सायनाइड सुटू शकतं, तेही कच्चं वर्ज्य. आणि राजमा भिजवून मोडायला, गर्भ बघायला उत्तम, पण कच्चा दाणा तोंडात जाऊ देऊ नका. खायचा असेल तर भिजवलेलं पाणी फेकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळून पूर्ण शिजवायचा. नुसता मंद आचेवर कोमट ठेवला तर त्यातलं लेक्टिन, म्हणजे पोट बिघडवणारं विषारी प्रथिन, नष्ट होत नाही.